पाठीला लागलेला पाय

पुणे, दवाखान्याच्या ओट्यावरून
सोमवार, १८ नोव्हेंबर १९५७

रंभा,

पत्र सरुबाईचं आहे. अक्षर ओळखून फाडायला घेतलं असशील तर थांब. आधी सगळं वाच, मग चुलीत घाल. वर्षभर मी तुला साधं कार्ड टाकलं नाही आणि आज लिहायला बसले, म्हणजे काहीतरी असणारच एवढं तुला कळतं.

मामंजी तीन आठवडे इथं दवाखान्यात आहेत. सोबत मी. आमचे हे शेत सांभाळून येतात. तुझा नवरा सयाजी कारखान्यातून सुटला की पिंपरीहून सायकल मारत येतो, बापाच्या पायाशी बसतो आणि एक शब्द न बोलता जातो. तुझं नाव त्याच्यापुढं कुणी काढत नाही. तोही काढत नाही.

तू मंचरला माहेरी गेल्यापासून मामंजींची पाठ काही सरळ झाली नाही. हाडवैद्यानं पट्टे बांधले, दोन महिने गेले. एका डॉक्टरनं वात म्हटलं. दुसऱ्यानं मणक्याचा क्षय म्हणून सुया टोचल्या, त्यात पावसाळा गेला. माणूस पांढरा पडत चालला, चार पावलं टाकली की धाप. आणि दसऱ्याला खोकला आला त्यात बरगडी मोडली. नुसतं खोकताना, रंभा! मी यांना म्हटलं, आता बास झाले तुमचे वैद्य, पुण्याला न्या, नाहीतर मी नेते पाठीवर टाकून.

इथं फोटो काढले. चष्मेवाला तरणा डॉक्टर आहे, त्यानं काच उजेडाला धरून दाखवली. कवटीला भोकं. खोटं सांगत नाही, किडकी शेंग फोडल्यावर दिसतं तसं. मणके दोन ठिकाणी चपटे झालेले. मग छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला. आजाराचं इंग्रजी नाव मायलोमा. हाडाच्या आत रक्त तयार होतं तिथंच हा रोग बसतो आणि हाड आतून खातो. म्हाताऱ्या माणसांनाच जास्त धरतो म्हणे.

माझा विश्वास बसला नाही. एवढ्या जणांनी एवढं सांगून झालेलं. तेव्हा डॉक्टर म्हणाला, इनायतभाई, यांना तुमची नळी दाखवा. हा इनायतभाई लघवी तपासतो. आपल्या शेजारच्या चाकणचाच निघाला, त्याच्या बापाचं तिथं खोगिरांचं दुकान होतं. मला म्हणतो, "मावशी, जन्मभर चुलीपुढं बसलात ना, मग आता नीट बघा." मामंजींची लघवी काचेच्या नळीत घेतली आणि दिव्यावर धरली. कोमट झाली तशी दुधासारखी पांढरी झाली. मी म्हटलं, नासली. तो म्हणाला, थांबा. उकळी फुटली आणि सगळं निवळलं, नळी पाण्यासारखी स्वच्छ. खाली ठेवली, गार झाली, पुन्हा दूध. उकळल्यावर निवळतं असं मी आजवर काही पाहिलं नाही. "हे ह्याच आजारात व्हतं," म्हणाला. तेव्हा मला पटलं.

आता ऐक कशासाठी लिहिते ते. मी डॉक्टरला विचारलं, पाठीला पाय लावल्यानं होतं का हे? त्याला कळेना. मग सगळं सांगावं लागलं. की आमची धाकटी जाऊ पायाळू आहे, आईच्या पोटातून पाय आधी आलेली, म्हणून उसण भरलेल्याच्या पाठीला तिनं पाय लावला की उसण जाते. आमचं अर्धं मोशी गाव तिच्या दारात येऊन पालथं पडायचं. आणि गेल्या वर्षी दसऱ्याआधी सासऱ्याच्या पाठीला तिनं पाय लावला आणि त्यांची पाठ मोडली. डॉक्टर हसला नाही. म्हणाला, "बाई, हा आजार निदान दोन-तीन वर्षं आत आहे. तो मणका बसायचाच होता. शिंकेनं बसला असता. तुमच्या जावेचा काही दोष नाही."

हे तुला कळवायला पाहिजे असं वाटलं. तू त्या दिवशी काय काय ओरडत होतीस ते आता राहू दे. दोष नाही एवढं झालं ना.

उत्तर टाक.

सरुबाई


पुणे
बुधवार, ४ डिसेंबर १९५७

रंभा,

तुझ्या भावाचं, बन्सीचं, कार्ड मिळालं. "बहीण खुशाल आहे, पत्र पाठवू नये." त्याला सांग, पत्र पाठवू नये असं पत्रात लिहायला एक आणा वाया घालवू नये. मी तुला लिहिते, त्याला नाही.

इथं आमचा कालवा चाललाय. मोठे डॉक्टर मागच्या सोमवारी आले आणि तिथल्या तिथं म्हणाले, पेशंट सत्तरीचा आहे, या रोगाला मुळातून घालवणारं औषध नाही, जे आहे त्यानं उलट्या होतील, अंगातलं रक्त आणखी उतरेल. घरी न्या, दुखण्यावर गोळ्या देऊ. चष्मेवाला म्हणाला, "साहेब, वय झालं म्हणून दुखणं कमी होत नाही. निम्म्या मापानं सुरू करतो, सोसलं तर वाढवतो. पाठीला विजेचा शेक देतो." ते दोघं इंग्रजीत लागले. मी मधे म्हटलं, "अहो, तुम्ही तुमचं ठरवा, पण आमच्या माणसाला कूस बदलता येत नाही. मरायचे ते मरतील त्यांच्या दिवशी, तोवर असं ओरडत का ठेवायचं?" मोठ्या डॉक्टरांनी मामंजींचा कागद पुढं ओढला. मग म्हणाले, करा सुरू.

तर औषध सुरू आहे. पाण्यासारखं पातळ आहे, युरेथेन नाव. चव अशी की मामंजींनी पहिल्या दिवशी माझ्या लुगड्यावर थुंकलं. आता लिंबाच्या सरबतात घालून देते. तरी ओकतात. त्यावर पाणी प्यायचं, दिवसाला चार तांबे. ते पांढरं मूत्रपिंडात साचतं आणि माणूस त्यानंच जातो, म्हणून ते पाण्यानं धूत राहायचं. चार तांबे! मामंजी म्हणतात, "मी काय बैल हाय का?" मी म्हणते, बैल बरा, त्याला सांगावं लागत नाही.

रक्तही चढवलं. आमचे हे आधी पुढं झाले, सुई बघितली आणि भिंतीला टेकून खाली बसले. मग सयाजीनं दिलं, कारखान्यातून दमून आलेला तसाच. मामंजी म्हणाले, "सयाचं रगत आलं, आता मी बी सायकल हाणीन." वर्षात पहिल्यांदा त्यांना गंमत सुचली.

पण एक गोष्ट बिघडली आहे. मी त्यांना सांगितलं की डॉक्टर म्हणतो रंभाच्या पायानं काही झालं नाही. त्यांनी तोंड फिरवलं. "डॉक्टर तितं व्हता का? मी व्हतो. कडकन वाजलं माज्या पाठीत. सुनंचा पाय सासऱ्याच्या पाठीला लागला, द्येवानं दाखवलं." मी म्हटलं, रोग तीन वर्षांचा आहे. ते म्हणाले, "आसंल. पण मोडली तिनं." आणि हेही म्हणाले की मी जिता आहे तोवर ती त्या घराचा उंबरा चढणार नाही, आणि सयाजीनं माझ्या माघारीही आणली तर माझ्या मातीला हात लावू नये. सयाजी तिथंच उभा होता. खाली बघत.

मी तांब्या उचलला आणि पाणी भरायला गेले. 

कडकन वाजलं तेव्हा ते पालथे होते. त्यांना दिसलं नाही. मी समोर होते.

पुढचं पुढच्या वेळी. औषधाची वेळ झाली.

सरुबाई


पुणे
रविवार, २२ डिसेंबर १९५७

रंभा,

आधी चांगलं सांगते. मामंजी उठून बसले. छातीपासून कमरेपर्यंत चुन्याचं जाकीट घातलंय, कुडाच्या भिंतीसारखं कडक. पाठीवर यंत्र धरून शेक दिले, दिसत काही नाही, भाजतही नाही. पण दुखणं ओसरत गेलं. मंगळवारी चष्मेवाल्यानं आणि मी दोन बाजूंनी धरलं आणि ते पलंगापासून खिडकीपर्यंत गेले. डॉक्टरचं म्हणणं, या आजारात म्हाताऱ्याला झोपवून ठेवला की हाडं आणखी विरघळतात, चालवायचंच. ओकाऱ्याही कमी झाल्या. रोग गेला नाही. कधी जाणार नाही. वर्ष मिळेल, दोन मिळतील, एवढंच म्हणाला. पण कूस बदलताना ओरडत नाहीत, रंभा. काल दुपारी मी चहा आणायला गेले आणि परत आले तर घोरत होते. मी चहा हातात धरून तशीच उभी राहिले, गार होईपर्यंत.

आता दुसरं. हे लिहायला मला चार कागद लागले. तीन फाडले.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलं होतं आणि बाजरीची पोती ओसरीच्या कडेला होती. पुरुष माणसं रानात. मामंजी सहा महिने पाठ दुखते पाठ दुखते करत होते आणि मला वाटायचं काम चुकवतात. मी त्यांना म्हटलं, "मामंजी, नुसतं बसून काय बघताय, एक टोक धरा." ते म्हणाले, मला न्हाई व्हायचं. मी म्हटलं, "मग खाताना बरं होतं?" सासऱ्याला असं बोलले मी. ते उठले. पोतं उचललं, दोन पावलं टाकली आणि खाली बसले. उसण भरली म्हणाले.

तू तेव्हा गोठ्यात होतीस, हे तुला ठाऊक नाही. पोत्याचं मी कुणालाच सांगितलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. सुनेनं काम लावलं म्हणून मोडलो हे कुठला पुरुष सांगेल.

मी तुला हाक मारली. तू म्हणालीस, "बाई, दुसऱ्या कुणाच्या बी पाठीला लावीन, सासऱ्याच्या न्हाई. पाप लागंल." मी म्हटलं पायाळूला पाप नसतं. तरी तू ऐकेनास, तेव्हा मी दंडाला धरून आणलं. मामंजी घोंगडीवर पालथे. तू खांबाला धरून उभी, डोळे मिटून. तुझे दोन्ही पाय खाली होते. त्यांनी छातीखालची घोंगडी सारखी करायला हातावर जोर देऊन अंग उचललं आणि तेव्हा वाजलं. मीही ऐकलं.

तुझा पाय उचललाच नव्हता. मी पाहिलं होतं. तू ओरडून ओरडून तेच सांगत होतीस आणि मी तुझ्यासमोर उभी राहून गप्प होते.

हे धावत आले, काय झालं म्हणून. माझ्या तोंडातून निघालं, "रंभानं पाय लावला." मला पोत्याची भीती वाटली. वाटलं, आता माझ्यावर येणार. दुसऱ्या दिवशी नदीवर ठकुबाईनं विचारलं तर मी म्हटलं, "लावला कसला, लाथच घातली." का म्हटलं मला माहीत नाही. एकदा बोललं की मागं घेता येत नाही असं वाटलं. पुढचं गावानं केलं. आठ दिवसांत बन्सी बैलगाडी घेऊन आला आणि तू गेलीस.

आणि हे का सांगते आता, तेही खरं सांगते. मला देव दिसला नाही. काल मी चष्मेवाल्याला हळूच विचारलं, जड पोतं उचलल्यानं झालं असेल का? त्यानं सांगितलं, हाड आधीच पोकळ होतं, त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी बसलंच असतं, आजार पोत्यानं होत नाही. बाहेर येऊन मी नळाखाली तोंड धुतलं आणि एकदम हलकं वाटलं. वर्षभर मला वाटत होतं की मीच मोडला म्हातारा. मी सुटले, म्हणून आता तुला सोडवायला निघाले. न सुटते तर हे पत्र आलं नसतं. अशी आहे मी. तुला आधीच ठाऊक असेल.

काय पाहिजे ते लिही. शिव्या लिही. मी वाचीन.

सरुबाई


मोशी
गुरुवार, ९ जानेवारी १९५८

रंभा,

तुझं पत्र मिळालं. दोनच ओळी. "जे जिथं बोललात तिथं जाऊन परत बोला. घरात सांगून मला नको."

मी ते वाचून पहिल्यांदा चिडले. लिहून दिलं ना, आणखी काय, असं झालं. मग मनात म्हटलं, ती बरोबर आहे. घरात सांगितलेलं घरात राहतं. तुला उंबऱ्याची काय पडली आहे, तुझं नाव नदीवर पडलंय.

मामंजींना सोमवारी घरी आणलं. बैलगाडीत गवत घालून, वर गादी, सावकाश. जाकीट काढून आता चामड्याचा पट्टा दिलाय. औषध चालूच, दर पंधरा दिवसांनी सोमवारी रक्त बघायला न्यायचं. रक्त फार उतरलं तर औषध थांबवायचं.

नदीवर जायच्या आधी त्यांना सांगायला हवं होतं. त्यांनी ते बाहेरून ऐकलं असतं तर मेलेच असते. सयाजी आणि हे दोघं घरात असताना मी सांगितलं. पोत्यासकट. सयाजीला आधी कळलंच नाही. मग तो उठला आणि म्हणाला, "वैनी, वर्ष झालं." एवढंच. "वैनी, वर्ष झालं." आणि मला वाटलं मारतो. पण तो दाराला डोकं टेकून उभा राहिला. तो म्हणतो, कारखान्याच्या चाळीत खोली मिळावी म्हणून त्यानं गेल्या वैशाखातच अर्ज टाकला होता, दोन माणसांची म्हणून. बापाला सांगायची हिंमत नव्हती. मी त्याला म्हटलं, हिंमत नव्हती ते तिला सांग, मला काय सांगतोस. मी कुठं मोठी शूर लागून गेले.

हे माझ्यावर ओरडले. ते ठीक आहे, त्यांचं ओरडून होतं आणि मग जेवतात.

मामंजी ओरडले नाहीत. तेच वाईट. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि माझ्या हातचं पाणी पिईनात. मी तांब्या पुढं केला की तोंड मिटून घ्यायचे. रंभा, चार तांबे पाणी म्हणजे त्यांचा जीव आहे. एका दिवसात लघवी गढूळ झाली, पायावर सूज आली. ह्यांनी दिलं तर अर्धा पेला. शेवटी काल मी त्यांच्यापुढं मांडी घालून बसले आणि म्हटलं, "मामंजी, राग माझ्यावर आहे ना? मग मेलात तर मी सुटले. जगलात तर रोज मला बघाल आणि रोज मला लाज वाटेल. आता ठरवा." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग तांब्या घेतला आणि घटाघट प्याले, खाली ठेवला आणि म्हणाले, "अजून आण."

सोमवारी भोगी आहे. सगळ्या बाया नदीवर असतात. मी जाते.

सरुबाई


मोशी
मंगळवार, १४ जानेवारी १९५८, संक्रांत

रंभा,

झालं.

तीस-पस्तीस बाया होत्या. इंद्रायणीला पाणी कमी, सगळ्या एकाच बाजूच्या दगडांवर दाटीनं. मी वाकळ आपटली, पिळली, टोपलीत ठेवली. वाटलं, धुणं झाल्यावर बोलू. मग वाटलं, धुणं झालं की मी पळणार. म्हणून मधेच उभी राहिले आणि म्हटलं, "ठकुबाई, तुला मी गेल्या वर्षी इथंच सांगितलं की रंभानं सासऱ्याला लाथ घातली. ते खोटं होतं. तिनं पाय लावला नाही. पाय उचलला सुद्धा नव्हता. मी बघितलं होतं."

 मग ठकुबाई म्हणाली, "आन् मग आता का गं सांगतीस? हिस्सा मागाया आली का ती?"

"हिस्सा मागत नाही. मी खोटं बोलले ते सांगते."

तानाबाई पलीकडून म्हणाली, "वर्सभर दम धरला व्हय! आमी तर ती जायच्या आदी आठ दीस उसण भरली तरी त्या पोरीला बोलवत न्हवतो, म्हनं हात-पाय लागंल तर मरू."

"तू तिला अवदसा म्हणालीस, तानाबाई."

"तूच सांगितलंस म्हनून म्हनाले. न्हाई तर माजी उसण तिनंच काडली व्हती दोन बारी."

मग एकीनं म्हटलं, सासऱ्याच्या पाठीचं मग काय झालं. मी दगडावर बसले आणि सगळं सांगितलं. हाडातला रोग, कवटीची भोकं, नळी. उकळल्यावर निवळतं म्हटल्यावर दोघी हसल्या, मला वेड लागलं म्हणून. पोत्याचंही सांगितलं. त्यावर ठकुबाई जे बोलली ते लिहीत नाही, ते मला पुरेल. एक सांगते, कुणी माझी बाजू घेतली नाही, आणि मला ते बरं वाटलं. एवढ्या शिव्या खाऊन इतकं हलकं वाटतं हे आधी ठाऊक असतं तर तेव्हाच्या दसऱ्यालाच खाल्ल्या असत्या.

निघताना तानाबाई म्हणाली, "तिला म्हनावं, यायचं आसंल तर उजळ माथ्यानं ये. कोन बोललं तर मी हाय." तानाबाईवर विश्वास ठेवू नकोस, पण एवढं ती करील.

घरी आले तर मामंजी ओसरीवर उन्हात. आमचं नदीवरचं बोलणं माझ्याआधीच घरी पोचलं होतं. म्हणाले, "रंभाला लिव. मी सांगतो तसं. तुजं एक आक्षर घालू नगं." तर आता त्यांचं आहे:

"रंभाबाई, मी धर्माजी. मी पालथा व्हतो, मला दिसलं न्हाई. पर तू सांगत व्हतीस. मी तुला इचारलं न्हाई. इचारायला पायजे व्हतं. सासरा म्हनून माफी मागाया लाज वाटती, म्हातारा म्हनून मागतो. तुला सयाकडं ऱ्हायचं आसंल तर ऱ्हा, हितं याचं आसंल तर ये. तुजी मर्जी."

खाली अंगठा उठवलाय. शाई जास्त झाली, पुसू नको.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे. पोस्टात मोडला असेल.

सरुबाई


मोशी
रविवार, २ मार्च १९५८

रंभा,

हे पत्र सयाजीच्या हाती देते, चाळीतली खोली मिळून तू पिंपरीला आलीस, तेव्हा पोस्टाची गरज नाही आता. पिंपरी मोशीहून किती लांब!

तू मागल्या रविवारी आलीस. माझ्याशी बोलली नाहीस. मी म्हटलं नव्हतं बोल म्हणून. तू मामंजींच्या पाया पडायला वाकलीस तर ते पट्ट्यामुळं वाकून उठवू शकले नाहीत, नुसता हात पुढं धरून राहिले आणि त्यांचा हात तुझ्यापर्यंत पोचेना. मग तू स्वतःच पुढं झालीस. ते बघून मी आत गेले. तू चारच भाकरी थापल्यास आणि निघालीस, पण माझ्या चुलीवर थापल्यास. मला पुरे आहे. तुला खोलीतच राहायचंय हे सयाजीनं सांगितलं. राहा. मी तुझ्या जागी असते तर मंचरहूनही आले नसते.

आता कामाचं. गेल्या खेपेला डॉक्टरनं सांगितलं, मामंजींच्या अंगात रक्त वाढलंय, नळीतलं पांढरं निम्मं झालंय. इनायतभाईनं मुद्दाम मला आत बोलावून दाखवलं, पांढरं कसं पातळ आलं ते. "मावशी, म्हातारबा जोरात हाय," म्हणाला. पण औषध चुकवायचं नाही आणि रक्त बघायची तारीख चुकवायची नाही. उद्या सोमवारची तारीख आहे.

गहू कापायला आलाय आणि यांना एकट्यानं होत नाही. उद्या मामंजींना तू घेऊन जा. सयाजीनं रजा काढली आहे, गाडी तुमच्याकडूनच जाईल. पाण्याचा तांब्या सोबत घे, वाटेत नको म्हणतील, ऐकू नकोस, रागावून पाज. पट्टा उतरवताना आधी खालची वादी सोड, मग वरची. औषध देताना लिंबू. ओकले तर अर्ध्या तासानं पुन्हा.

चष्मेवाला डॉक्टर तुला ओळखत नाही. ही कोण म्हणून विचारलं, तर सांग, धाकटी सून.

सरुबाई